‘विथ’ की ‘टू’

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत मी एकवीस वर्षं आहे. सध्या आमचं ‘यू’ अक्षर चालू आहे आणि ‘अनफॅमिलिअर’ माझ्या वाट्याला आला. अर्थ सोपा: अनोळखी, अपरिचित. घोळ असतो तो पुढच्या शब्दाचा. मला एखादं यंत्र चालवता येत नसेल तर मी त्या यंत्राशी ‘अनफॅमिलिअर विथ’, म्हणजे नवखी मी. तेच यंत्र माझ्यासाठी ‘अनफॅमिलिअर टू’, म्हणजे अनोळखी ते. ज्याला ओळख नाही तो ‘विथ’वाला, ज्याची ओळख नाही तो ‘टू’वाला. लोक सर्रास उलटं लिहितात आणि माझं डोकं फिरतं. नवरा म्हणायचा, मास्तरीण, जेवताना तरी लाल पेन खाली ठेव.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूला सूज आली. ताप उतरला, सूजही ओसरली. त्याला कारखान्यातलं लेथ मशीन आठवतं, शाळेतल्या पोरांची टोपणनावं आठवतात. मी आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने मला पहिल्यांदा विचारलं, “तुम्ही कोणाकडे आलात?” सत्तावीस वर्षं मी त्याच्या तोंडून ‘अगं’ ऐकलं होतं. बायको आहे असं सांगितलं की तो कसनुसा व्हायचा, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी ते सांगणं सोडलं. त्याला अवघडायला नको म्हणून मीही ‘तुम्ही’वर आले. आधी वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

त्याला घरी सोडायच्या दिवशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी डिस्चार्जचा कागद वाचला आणि मला थांबवलं. पेशंट तुमच्या ताब्यात देता येणार नाही, म्हणाल्या. अशांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे पाठवावं लागेल. मी कागद मागून घेतला. शिकाऊ डॉक्टराने लिहिलं होतं, ‘वाइफ अनफॅमिलिअर विथ पेशंट.’

म्हणजे मीच त्याला ओळखत नाही.

मी पर्समधून पेन काढून ‘विथ’वर काट मारायला गेले, तर सिस्टरांनी हात धरला. नातेवाइकांनी कागदाला पेन लावायचं नाही. शिकाऊ डॉक्टराला बोलावलं. मी त्याला उभ्या उभ्या दोन्ही वापर समजावले, उदाहरणांसकट, यंत्राचं आणि गावाचं. आवाज अगदी कचेरीतला लागला होता. नवऱ्यासाठी भांडतेय की कोशाची नोंद वाचून दाखवतेय, माझं मलाच कळेना.

“म्हणजे तुम्ही त्यांना ओळखता,” तो म्हणाला.

“हो. तेच लिहा.”

त्याने मुकाट्याने दुरुस्ती करून सही केली. सिस्टर म्हणाल्या, कागदाचं मिटलं, पण आता त्यांनी स्वतः हो म्हणायला हवं. अनोळखी माणसाबरोबर जबरदस्तीने कोणाला पाठवत नाही आम्ही.

तो पलंगावर शर्टाची बटणं लावून तयार बसला होता. सिस्टरांनी विचारल्यावर त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर मी रिकाम्या हाताने घरी गेले असते, आणि कदाचित दुसऱ्या दिवशी कामावरही.

“या बाई रोज येतात,” तो सिस्टरांना म्हणाला. “दोन महिने मला फळं चिरून देतायत. नाही म्हणणं बरं दिसत नाही. जातो.”

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी टॉवेल, चपला आणि औषधं बॅगेत भरली.

टॅक्सीत तो दाराला चिकटून बसला, बॅग मांडीवर घट्ट धरून. पाहुणा म्हणून कुठे जाताना तो असाच बसतो. पहिल्या सिग्नलला टॅक्सी थांबली. मग त्याने घसा खाकरला.

“तुमच्या घरी कोण कोण असतं?”

“मी आणि माझा नवरा.”

तो विचारात पडला.

“मग मी आलेलं त्यांना चालेल ना?”

मी चालेल म्हटलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ते स्वभावाने कसे आहेत.

“चांगले आहेत,” मी म्हटलं. “तुम्हाला आवडतील.”