कडुलिंबाच्या डहाळीआड

अंगावर कांजिण्या उठल्या तेव्हा आपल्या पदरात काय काय पडणार, याचा हिशेब मथुरानं अंथरुणावर पडल्या पडल्याच मांडला. पहाटेचं जातं सुटलं. घरात फोडणी द्यायची नाही, म्हणून चुलीपुढचं बसणं निम्म्यावर आलं. नवरा हिंदुराव गिरणीतल्या सोबत्याकडं निजायला गेला. आणि सगळ्यांत मोठी कमाई म्हणजे सासूची जीभ बांधली गेली. अंगावर देवी आलेल्या बाईला वाकडं बोलायची कुणाची छाती? म्हाळसाबाई सुनेपुढं हात जोडून विचारू लागली, "आई, काय पायजे?"

सोलापुरातल्या चाळीतली एकच खोली. दाराला कडुलिंबाची डहाळी, खिडकीला वाकळ, वर फाल्गुनातलं तापलेलं पत्र्याचं छप्पर. खाजवायचं नाही, न्हायचं नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. तिसऱ्या दिवशी मथुरानं मागितलं, "माझी आय पायजे."

म्हाळसाबाईचं तोंड उतरलं. विहीण केराबाई लग्नात आमटीला पाणचट म्हणाली होती. सात वर्षं तिला हे दार बंद होतं. पण देवीला नाही कसं म्हणायचं? हिंदुरावानं सासूच्या गावी, केमला, निरोप धाडला.

केराबाईला लहानपणीच कांजिण्या येऊन गेलेल्या. ती आली ती घाईतच. "दोन दिस ऱ्हाते. जोंधळा काढणीला आलाय, रानात दुसरं कुणी न्हाय."

"आत आलेल्या माणसाला देवी उतरल्याबिगर जाता येत न्हाय की, विहीणबाई," म्हाळसाबाई अगदी गोड आवाजात म्हणाली. "अन् जेवण अळणी हाय. आधीच सांगून ठेवते."

"मग आता बोलायला जागाच ऱ्हायली न्हाय," केराबाई म्हणाली.

दोघी भांडत ते कुजबुजत. देवीपुढं आवाज चढवायची सोय नव्हती. केराबाई लेकीच्या अंगावरून पाला फिरवी, कपाळावर हात ठेवी. मथुराला सात वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागे.

"कणसं भरल्यात गं," आई दाराकडं बघत म्हणे. "पाखरं सोडायची न्हाईत." मथुरा डोळे मिटून घेई.

चौदाव्या दिवशी खपल्या झडल्या. दहीभाताचा नैवेद्य झाला, डहाळी उतरली. केराबाईनं गाठोडं बांधलं आणि म्हाळसाबाई चोळीची बाही सरकवून दंड निरखत बसली. दंडावर पाणी भरलेले चार फोड होते.

मथुरानं हात जोडले. "आई, काय पायजे?"

म्हाळसाबाईनं बाही खाली ओढली. "विहीणबाईंना ठिवून घ्या. त्यांच्या हाताला लई गारवा हाय."

केराबाईनं लेकीकडं पाहिलं. डहाळी अजून बांधायची होती. 'आय, तू नीघ, मी बघते' एवढं लेक बोलली असती तर ती सुटली असती. पण दुपारी आईच्या मांडीवर डोकं टेकायची मथुराला सवय लागली होती. ती उठली, नवी डहाळी दाराला लावली आणि गाठ आवळली.

केराबाई केमला पोचली तेव्हा कणसं पाखरांनी खाऊन रानात नुसती ताटं उभी होती. दुखणी काढली सोलापुरातल्या सासू-सुनेनं, दोघी उठल्याही. त्यापायी वर्षाचा जोंधळा गेला तो केराबाईचा.