रडणारं कासव

अपर्णाने टिंगू कासव पहिल्यांदा रचलं, तेव्हा त्याला रडता येत नव्हतं. ग्वाल्हेरच्या एका छोट्या कंपनीत ती मुलांच्या गेम्सची क्रिएटिव्ह डायरेक्टर होती. खेळ बंद करताना पोरांनी ‘येतो’चं बटण दाबलं की टिंगू ‘ये हं’ म्हणायचा, मान कवचात ओढायचा आणि चक्क घोरू लागायचा. त्याच शहरातल्या दाना ओली या जुन्या वस्तीत, तिच्या मराठी माहेरी घराबाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नसे. तेच तिने गेममध्ये आणलं होतं. त्या घोरण्यावर तिचा फार जीव होता.

मालक विक्रमसिंहांचा नव्हता. "अपर्णाजी, तुमचं कासव मुलांना घरी धाडतंय," ते म्हणाले. "अपने को तो रोकना है. कुणी निघालं की रडवा."

"मुलांना?"

"कासवाला, जी. वैसे बात एक ही है."

तिने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण आपण नाही केलं तर दुसरा कुणी करेल आणि वाईट करेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. हुशार माणसांना अशा समजुती पटकन सापडतात. मग बाई जीव ओतून कामाला लागल्या. टिंगूचा आधी खालचा ओठ थरथरायचा, मग डोळे भरायचे. ‘अजून थोडं थांबतो’ हे बटण तिने मोठं, पिवळंधमक केलं. पोरं थांबू लागली. विक्रमसिंहांनी ऑफिसभर तीळगुळाची गजक वाटली.

सहा वर्षांच्या सुश्रुतला, स्वतःच्या मुलाला, तिने हा गेम कधी दिला नाही. एवढी अक्कल शाबूत होती.

त्या सकाळी त्याची शाळेची सहल होती. आठवडाभर दुसरं बोलणं नव्हतं. व्हॅन आली, तरी तो दारात उभा राहून आईचं तोंड न्याहाळत होता.

"काय रे?"

"आई, मी जातो तेव्हा तू रडत का नाहीस? शेजारच्या गरिमादीदीच्या मोबाइलवर टिंगू तो कितना रोता है. उसको मैं अच्छा लगता हूँ."

"मलाही आवडतोस की, राजा."

"पण तू तर हसतेस."

ते रडणं खोटं आहे, ते मीच केलंय, हे सांगायला तिने तोंड उघडलं, पण आधी डोळेच भरून आले.

सुश्रुतने ते नीट पाहिलं. मग पाठीवरचं दप्तर उतरवलं, बूट काढले आणि तो तिला बिलगून बसला.

"रो मत. मी थांबतो अजून थोडं."

"जा रे, सहल चुकेल," ती डोळे पुसत म्हणाली. पुसले तसे ते पुन्हा भरले. बाहेर हॉर्न वाजून वाजून थांबला आणि व्हॅन निघून गेली. सुश्रुतचा खालचा ओठ थरथरत होता, पण तो जागचा हलला नाही.