युनूसभाईंच्या बांगड्यांची पेटी

त्या सोमवारी युनूसभाईंनी रोजच्यासारखी माझी काच जुन्या ओढणीने पुसली, मला सायकलला बांधले आणि तांड्यावर फिरवून आणले. घरी येऊन चहा घेतला. निळ्या बांगड्यांचा एक जोड माझ्या कोपऱ्यात वेगळा ठेवला आणि बायकोला, हुस्नाबानोंना म्हणाले, "आपली अनिसा सुटीत येईन. तिच्यासाठी हाय हा. कोनाले देऊ नको." दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

मित्रांनो, मी त्यांची जुनी पेटी आहे. अंग सागवानाचे, झाकण काचेचे. रिसोडच्या सुताराने मला घडवले आणि केनवडच्या बाजाराने मला नाव दिले. माझ्यासमोर बसलेल्या बायका भीतीने मूठ आवळत. युनूसभाई म्हणत, "हात ढिला सोड, बाई. तू घाबरली का काच बी घाबरते." तरी एखादी बांगडी फुटायचीच. तिचे पैसे ते कधी घेत नसत. "माह्या हातात फुटली, ती माही," एवढेच म्हणत.

काही वर्षांपूर्वी हुस्नाबानोंचे ऑपरेशन झाले. त्या वाचल्या, पण घर कर्जात गेले. फायनान्स कंपनीचे कर्ज होते, वाशीमच्या ठोक व्यापाऱ्याची उधारी होती आणि तांड्यातल्या बायकांनी आपसांत गोळा करून दिलेले पैसेही होते. फायनान्सवाल्यांचा फोन वाजला की युनूसभाई ताटावरून उठत. त्यांचे बाजारात जाणे थांबले आणि मी खाटेखाली धूळ खात पडून होते.

त्यांची मुलगी अनिसा अकोल्याला नोकरी करते. तिने कर्जे मिटवून देणारी एक कंपनी शोधून काढली होती.

"अब्बा, सगळ्यांचं मिळून महिन्याले एकच हप्ता. बाकीच्यांसंगं कंपनी बोलीन. तुमाले कोनाचा फोन नाई."

"फुकट बोलतीन का ते?"

"थोडा मेहनताना लागते."

"अन् तांड्यावरच्या सोनीबाईसंगं बी तेच बोलतीन?"

"हो, सगळ्यांसंगं."

युनूसभाईंनी मला खाटेखालून ओढले, पुसले आणि ते अनिसाला म्हणाले, "चाल मंग. तूच सांग तिले."

तांड्यातल्या बायकांचे पैसे सोनीबाईंनीच गोळा केले होते. अनिसाने त्यांना सगळे नीट समजावले. सोनीबाईंनी ऐकून घेतले आणि कमरेवर हात ठेवला. "म्हंजे माह्या हातात बांगडी युनूसभाई भरीन, अन् पैशाचं बोलाले अकोल्याचा मानूस येईन? काहो भाऊ, तुमचं तोंड गहान ठेवलं का?"

सगळ्या बायका हसल्या. युनूसभाईही हसले.

"पोरीनं चांगल्यासाठीच सांगतलं," युनूसभाई म्हणाले. "पन फुटली ती माही. बोलीन मीच. फक्त थोडं थांबा."

"आमी कुठं पळून राह्यलो? व्याजवाल्याचं पयले फेडा."

तिथेच ठरले, कंपनी नको. पण फायनान्सवाल्यांकडे आणि व्यापाऱ्याकडे ते एकटे गेले नाहीत. "कागद तू वाच, बोलतो मी," असे म्हणून त्यांनी अनिसाला बरोबर घेतले. ती सुटी काढून यायची. फायनान्सच्या ऑफिसात तिने अटी वाचल्या, त्यांनी परिस्थिती सांगितली आणि हप्ता कमी करून मिळाला. ठोक व्यापारी म्हणाला, नवा माल रोखीने घ्या, जुने थोडे थोडे द्या. एसटीत मी कधी बापाच्या मांडीवर असे, कधी लेकीच्या. स्टँडवर दोघे भजी खात आणि हप्त्यावरून वाद घालत. वर्षे लागली. मी पुन्हा रोज बाजारात जाऊ लागले. माझे ते सगळ्यात चांगले दिवस.

सुरुवातीला सांगितला, त्या सोमवारीच तांड्यावर शेवटची रक्कम पोचली. सोनीबाईंनी विचारले, "आता येनं बंद करसान का, भाऊ?"

"बांगड्या फुटनं बंद झालं का?" युनूसभाई म्हणाले होते.

मित्रांनो, अनिसाची वाट चुकीची नव्हती. ज्याला बोलायचे बळच उरत नाही, त्याने मदत जरूर घ्यावी. फक्त आपल्या वतीने कोण बोलणार आणि त्याचे काय घेणार, हे आधी विचारून घ्यावे. ज्यांनी तुमच्यासाठी हात पुढे केला, त्यांच्यासमोर मात्र स्वतः जाऊन बसावे. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी पेटी असेल, तर तिची काच अधूनमधून पुसत जा.

युनूसभाई गेल्यावर काही महिन्यांनी पाहुणे म्हणाले, पेटी विकून टाका. हुस्नाबानोंनी मला अनिसासमोर ठेवले. तिने झाकण उघडले. निळा जोड तिथेच होता. पहिली बांगडी तिच्या अंगठ्यापाशी अडली. तिची मूठ आवळलेली होती. तिने डोळे मिटले आणि हात ढिला सोडला. बांगडी मनगटावर सरकली.

एसटीतल्या इतक्या फेऱ्यांत जे ती एकदाही बोलली नव्हती, ते ती माझ्या काचेवर हात ठेवून मोठ्याने बोलली.

"अब्बा, तुमी मले संगं नेलं, लय बरं केलं."