तीन मिनिटांचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी हळव्या आवाजात बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल. आज ते मला जमणार नाही.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका कारखान्यात झाला. तिथून मी न्यू जर्सीतल्या एका लहान गावाच्या सभागृहात आलो. समोरच्या चौथऱ्यावर नगरसभेचे पाच सभासद बसत आणि खाली लाकडी स्टँडवर मी असे. कुणीही यावं, माझ्यासमोर तीन मिनिटं उभं राहावं आणि सरकारला जाब विचारावा, असा नियम होता. रस्त्यावर साचलेल्या बर्फापासून पोलिसांच्या वागणुकीपर्यंत सगळं मी ऐकलं आणि ऐकवलं.

परदेशी पाहुण्यांना माझं फार अप्रूप वाटे. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून राजाराम काका आले होते. त्यांनी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं. मुलगा सिद्धेश आणि सून सुहासिनी इथे नोकरीला आहेत. काकांना मॉल बघायचे नव्हते, सभा बघायची होती. त्या दिवशी कचऱ्याच्या गाडीवरचा एक कामगार अध्यक्षांना धारेवर धरत होता आणि अध्यक्ष मुकाट्याने लिहून घेत होते. काका सुनेला म्हणाले, आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ते आज डोळ्यांनी पाहिलं. मी अभिमानाने फुगलो. मूर्ख होतो मी.

ऑक्टोबरात एका सकाळी सिद्धेश वाचनालयासमोर गाडी लावत होता. तोंडं झाकलेली चार माणसं आली. त्यांनी त्याला एका गाडीत कोंबलं आणि नेलं. ती केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याची माणसं होती. आमच्या गावचे दोन पोलीस रस्ता अडवून उभे होते. सिद्धेशचा व्हिसा आणि कागदपत्रं चोख होती. तरी त्याला कुठे ठेवलंय, हे सहा दिवस कुणी सांगेना.

सातव्या दिवशी सुहासिनी सभेला आली. मैत्रीण प्रीता शेजारी बसून तिला अडवत होती. "यार, तुझा पण व्हिसाच आहे. रिस्क घेऊ नकोस. वकील बघेल ना."

सुहासिनी उठली. ती माझ्यासमोर आली. तिने एकच प्रश्न विचारला, की आपल्या पोलिसांना तिथे कुणी पाठवलं? अध्यक्ष म्हणाले, हा केंद्राचा विषय आहे, आजच्या विषयपत्रिकेवर नाही.

तेव्हा राजाराम काका माझ्यासमोर आले. ते मराठीत बोलत होते आणि सून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती.

"आणीबाणीत माझ्या थोरल्या भावाला पोलिसांनी नेलं. तो अन्यायच होता. पण नेणाऱ्या हवालदाराच्या छातीवर त्याचं नाव होतं. आईने ते वाचून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ठाण्यात डबा घेऊन गेली. माझ्या सुनेने डबा कुठे न्यायचा?"

अध्यक्षांनी सांगितलं, पाहुण्यांना इथल्या कारभारावर बोलायचा हक्क नाही. एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. त्यांनी टेबलाखालचं बटण दाबलं आणि मी मुका झालो. चाळीस वर्षांत मला असं कुणी केलं नव्हतं. काकांचा श्वास माझ्या जाळीवर आपटत होता आणि मी निर्जीव डब्यासारखा उभा होतो.

काका थांबले नाहीत. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा मास्तरांचा आवाज होता तो. सुहासिनीही तितक्याच मोठ्याने सांगू लागली. मागून डोरोथी नावाची म्हातारी उठली. तिने पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. ती म्हणाली, "मी इथली मतदार आहे. माझी तीन मिनिटं त्यांना द्या." तिच्यामागे अकरा जणांनी आपापली मिनिटं दिली. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या पोलीसप्रमुखाला उत्तर द्यावं लागलं. पोलीस त्यानेच पाठवले होते. सिद्धेशला कुठे नेलं, तेही त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दक्षिणेतला एक तुरुंग, तेराशे मैलांवर.

पत्ता कळल्यावर वकील पोचला. तेविसाव्या दिवशी न्यायाधीशांनी सिद्धेशला सोडलं. अटकेचं कारण सरकारला सांगताच आलं नाही. सिद्धेश घरी आला, पण बेल वाजली की अजून आतल्या खोलीत जातो. काका त्याला सांगलीला परत चल म्हणतात. तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

पुढच्याच महिन्यात नगरसभेने नियम बदलला. आता फक्त नोंदणीकृत मतदारांनी बोलायचं. नवे माइक आले. ते वेळ संपली की आपोआप बंद होतात. मी तळघरातल्या खोक्यात पडलो आहे.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. मला त्याची गरज नाही. तो नियम मंजूर झाला, तेव्हा मी अजून स्टँडवर होतो. सभागृहात एकशेवीस खुर्च्या आहेत. त्या संध्याकाळी चार माणसं आली होती. माझा राग अध्यक्षांवर आहेच, पण त्या एकशेसोळा रिकाम्या खुर्च्यांवर जास्त आहे. सभा दर मंगळवारी साडेसातला असते. दार उघडं असतं. जाऊन बसा.