झटक्यांची पेटी

गरोदर बायकांच्या त्या वॉर्डात बारा खाटा होत्या आणि बाराही खाटांवर जोखमीच्या बायका. कुणाचं रक्त जायचं, कुणाचं पाणी वेळेआधीच सुटलेलं, कुणाची साखर आटोक्यात येत नव्हती. त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टरला सगळे माघारी ‘मिरची’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. वीस वर्षं याच वॉर्डात गेलेली. बोलणं फटकळ, पण कुणाच्या पायावर सूज चढली की डॉक्टरांच्या आधी हिला दिसायची.

त्या दिवशी तपासणी समिती येणार होती. सकाळपासून नुसती पळापळ. पडदे बदलले, भिंतीवर नवे तक्ते चढले, आणि साडेनऊला मेट्रन येऊन मिरचीच्या जोडीच्या सिस्टरला सभागृहाच्या कामासाठी घेऊन निघाल्या.

“बारा पेशंटना मी एकटी?” मिरचीने विचारलं.

“दोन तासांचा तर प्रश्न आहे. सगळ्या झोपूनच असतात.”

“आजारी आहेत म्हणून झोपून आहेत, मॅडम. हौस म्हणून नाही.”

मेट्रन तोवर दाराबाहेर गेल्याही होत्या.

चार नंबरच्या खाटेवर एक गणिताच्या शिक्षिका होत्या. पहिलटकरीण, बत्तिसावा आठवडा. रक्तदाब चढला म्हणून अठरा दिवसांपासून दाखल. सोबतीला सासूबाई. दहाला मिरची बीपी घ्यायला गेली, तर बाईंनी दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलेलं.

“डोकं ठणकतंय?”

“पहाटेपासून, सिस्टर. आता डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. छातीखालीही दुखतंय.”

“अगं, किती बाऊ करशील,” सासूबाई मध्येच म्हणाल्या. “आज मोठी माणसं येणारेत. जरा गप्प पडून राहा.”

मिरचीने त्यांच्याकडे अशी एक नजर टाकली की पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

बीपी एकशे सत्तर, खाली एकशे चौदा. दुसऱ्या हातावर घेतलं, तेच. गुडघ्याखाली हातोडी हलकेच टेकवली, तर पाय ताडकन उडाला, झटके जवळ आल्याची खूण. तिने केसपेपर उघडला. पहाटे सहाच्या नोंदीत शिकाऊ डॉक्टरांचं अक्षर होतं: ‘डोकेदुखीची तक्रार. झोप अपुरी. विश्रांती घ्यावी.’ बीपीची जागा कोरी.

तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे ही बाई चार तास सांगत होती, आणि कुणी बीपीचा साधा पट्टासुद्धा बांधला नव्हता!

झटके रोखायला द्यायचं इंजेक्शन एका लाल पेटीत तयार ठेवलेलं असे. मिरचीने कपाट उघडलं. पेटीची जागा रिकामी.

“ती होय?” झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. “सकाळीच सभागृहात नेली. टेबलावर मांडलीय, आपली तयारी दाखवायला.”

तिने ड्यूटीवरच्या त्याच शिकाऊ डॉक्टरांना फोन लावला. “सिस्टर, समिती समोर बसलीय. वीस मिनिटांत येतो,” म्हणून त्यांनी ठेवून दिला. परत लावला, उचलला नाही. प्रसूतिगृहात विचारलं, तर त्यांचीही पेटी सभागृहातच. तिने मावशींना पळवलं आणि तोवर बाईंना डाव्या कुशीवर वळवलं, खाटेचे कठडे वर केले, ऑक्सिजन लावला, हाताला सुई लावून ठेवली. मावशी तीन मिनिटांत रिकाम्या हातांनी परत. “मेट्रनबाईंनी दारातूनच हाकललं हो.”

मिरचीने मावशींना एका बाजूला उभं केलं, सासूबाईंना दुसऱ्या. “झटका आला तर कुशीवरच धरा. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही. आणि घंटा वाजवत राहा.” आणि ती धावत सुटली.

सभागृहात पांढऱ्या चादरीचं लांब टेबल, फुलदाणी, आणि मधोमध दोन उघड्या लाल पेट्या. अधीक्षक सांगत होते, “आमच्याकडे अशा पेशंटला दोन मिनिटांच्या आत इंजेक्शन मिळतं.”

मिरची सरळ टेबलापाशी गेली आणि तिने आपल्या पेटीचं झाकण खाडकन मिटलं.

“चार नंबरचं बीपी एकशे सत्तरवर एकशे चौदा. डोळ्यांपुढे काजवे. ही पेटी मला लागतेय. आणि डॉक्टर, तुम्हीही.”

“सिस्टर!” मेट्रन दबक्या आवाजात ओरडल्या. “समितीसमोर काय हे!”

“समितीला झटके येत नाहीयेत!”

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तिच्या मागोमाग पळाले. जिन्यातच घंटा ऐकू आली, न थांबता वाजणारी.

बाईंचं अंग ताठ झालं होतं, डोळे फिरले होते, ओठ निळे. मावशी आणि सासूबाईंनी त्यांना कुशीवर धरलं होतं, आणि सासूबाई मोठ्याने रडत होत्या. मिरचीने तोंडातला फेस यंत्राने ओढून काढला. डॉक्टर नाडी बघेपर्यंत इंजेक्शन तिनेच भरून त्यांच्या हातात दिलं. “सावकाश द्या. घड्याळाकडे बघा, माझ्याकडे नको.” मिनिटभराने अंग सैल पडलं. बीपी उतरवल्यावर दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी. दीड किलोलाही शंभर ग्रॅम कमी. आधी रडली नाही, मग बारीक आवाजात रडली. बाईंनी दुसऱ्या दिवशी नीट डोळे उघडले.

तिसऱ्या दिवशी मिरचीला मेमो आला. ‘समितीसमोर उद्धट वर्तन. वॉर्ड वाऱ्यावर सोडणे.’

‘वाऱ्यावर’ हा शब्द तिने तीनदा वाचला. मग दारामागे जाऊन भिंतीवर मूठ आपटली आणि उत्तर लिहायला बसली. मिनिटामिनिटाची वेळ टाकली. पहाटे सहाच्या नोंदीची प्रत जोडली.

“ही सहाची नोंद तेवढी काढा,” मेट्रन म्हणाल्या. “डॉक्टर नवीन आहेत, आयुष्य पडलंय त्यांचं.”

“चार नंबरच्या बाईही नवीनच होत्या, मॅडम. पहिलंच बाळंतपण होतं. आणि तुम्ही दारातून मावशींना हाकललंत, तेही लिहिलंय.”

अधीक्षकांनी दोघींना बोलावलं. चौकशी सुरू होते न होते तोच दार ढकलून सासूबाई आत आल्या.

“शिक्षा द्यायची तर मला द्या. मी सुनेला गप्प पडून राहा म्हणाले. पण मी अडाणी, हो! तुम्ही सगळे शिकलेले ना?”

“आजी, तुम्ही जरा बाहेर बसा.”

“आजी झाले ती या सिस्टरमुळे!” त्यांनी टेबलावर हात आपटला. “तुमच्या भरवशावर राहिले असते, तर आज मी कुणाची कोण असते?”

अधीक्षकांनी फाईल मिटली. मेमो मागे घेतला गेला नाही, पुढेही गेला नाही. पेटी वॉर्डाबाहेर न्यायची नाही, असा लेखी आदेश तेवढा निघाला. शिकाऊ डॉक्टर एकदा येऊन खाली मान घालून “चुकलं माझं” म्हणाले. मिरची म्हणाली, “मला नका सांगू. चार नंबरला सांगा.” ते गेले आणि खरंच सांगून आले.

पंधरवड्याने समितीचा अहवाल सूचनाफलकावर लागला. त्यात एक ओळ होती: ‘आपत्कालीन तयारीचं प्रत्यक्ष प्रात्यक्षिक पाहून समाधान वाटलं.’

प्रात्यक्षिक! मिरचीने सगळ्यांसमोर कागद ओढून काढला आणि उभा फाडला.

“आता दुसरा मेमो निघेल,” मेट्रन म्हणाल्या.

“काढा. फक्त त्यावर वेळ टाका. मला उत्तरात लागते.”