जरा जास्त पीळ

"छान आहे गं कापड. अगदी मऊ," बाबा म्हणाले आणि आईच्या कपाळाला आठी पडली.

"शर्ट काढा. पाठ बघू."

बाबा बस चालवतात. दिवसभर तापलेल्या सीटला टेकलेली त्यांची पाठ म्हणजे आईची प्रयोगशाळा. ती सूतगिरणीत नमुन्याचं सूत काढते, त्या कापडाचे शर्ट बाबा घालतात आणि संध्याकाळी मनसोक्त नावं ठेवतात. इतक्या वर्षांत एकाही नमुन्याला ते छान म्हणाले नव्हते. आताच म्हणाले, कारण उद्या सगळ्या ड्रायव्हरांच्या गणवेशाचं कापड ठरायचं होतं आणि त्यात पहिल्यांदाच आईच्या नावाचं सूत होतं.

पाठ लालबुंद झाली होती.

"अहो, सोललीय की! आणि म्हणे मऊ!"

"म्हटलं, तुझ्या नावाचं आहे, काढू थोडी कळ."

"तुम्ही काढाल. बाकीच्यांनी का काढायची?"

तिनं शर्टातून एक धागा ओढला आणि दिव्याखाली उलटा फिरवून मोकळा केला. "कापूस-पॉलिएस्टरचं प्रमाण बरोबर आहे," ती मला म्हणाली. "पीळ जास्त झालाय. इतका आवळल्यावर धागा ताठ होणारच. आत हवा राहत नाही, मग घाम जाणार कुठे?"

"पण कमी पिळाच्या कापडावर गोळे येत होते ना," मी म्हटलं. मी त्याच गिरणीत तपासणी विभागात आहे. कापड घासून बघणाऱ्या माझ्या मशीनवर आईचं कापड पहिलं आलं होतं.

"म्हणून तर वाढवला. पण तुझ्या मशीनला पाठ कुठेय?"

सकाळी गिरणीच्या साहेबांच्या टेबलावर दोनच कापडं होती, आईचं आणि तात्यांचं. तात्या शेजारच्या विभागातले. त्यांचं नि आईचं कधी पटलं नाही. त्यांच्या धाग्यात पॉलिएस्टर मधोमध असतं आणि कापूस त्याच्याभोवती गुंडाळलेला. 'तात्यांची बांधाबांध' म्हणून आईनं अख्ख्या गिरणीला हसवलं होतं.

"साहेब, माझं कापड मागे घेते," ती म्हणाली.

"अहो, तुमचं पहिलं आलंय!"

"अंगाला बोचतं ते." तिनं तात्यांचं कापड मनगटावर आतल्या बाजूला घासलं, मग मानेला. "याची ताकद आतल्या पॉलिएस्टरची, अंगाला मात्र कापूसच लागतो. मी उगाच हसत होते. आज आमचे हे तात्यांच्या कापडाचा शर्ट घालून बस चालवतील. मग ठरवा."

माझी छाती अभिमानानं फुगली. ही माझी आई, असं सगळ्या गिरणीला ओरडून सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी आई दारातच उभी होती. बाबा आले ते चोरासारखे.

"खरं सांगा हं."

"नाही बोचला."

"कालच्या त्या पाठीवरसुद्धा?"

"अंगात शर्ट आहे हेच विसरलो गं," बाबा मान खाली घालून म्हणाले.

आईनं तिथूनच साहेबांना फोन लावला. "तात्यांचंच ठरवा," म्हणाली. आवाज जराही हलला नाही.

मग मलमाची डबी घेऊन ती बाबांच्या मागे बसली. बोटाच्या टोकानं हळूहळू मलम लावू लागली.

"वाईट वाटतंय?" बाबांनी हळूच विचारलं.

"वाटतंय," आई म्हणाली. "खूप वाटतंय." आणि त्यांच्या पाठीवर फुंकर घालत राहिली.