सतरावी काच

“मामा, सतराव्या काचेच्या दिवशी तुम्ही काय काय केलं, ते पुन्हा एकदा सांगा.”

धर्मराज सरांनी हे विचारायची ही सहावी की सातवी वेळ. सर्जेरावमामांनी पुन्हा सगळं सांगितलं. सकाळी साडेनऊला खोली उघडली, काच स्पिरिटनं पुसली, जाळीवरून काळा लेप ओढला, काच भट्टीत ठेवली, निवल्यावर काढली, पोलादी डब्यात बसवली. एक शब्द खोटा नव्हता. फक्त भट्टी आणि डबा यांच्या मधली दोन मिनिटं ते दर वेळी गाळायचे, आणि सरांचं सगळं गाडं अडलं होतं ते नेमकं त्या दोन मिनिटांत.

सर्जेराव मूळचे वाटूरचे. जालन्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून त्यांना तेवीस वर्षं झाली होती. त्याआधी ते लग्नपत्रिका छापायच्या दुकानात होते. लाकडी चौकटीला ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई, आणि रबरी पट्टीनं ती एका दमात ओढायची. हात असा बसलेला की मालक गिऱ्हाइकाला पत्रिका नाही, आधी सर्जेरावांचा हात दाखवायचा. कॉलेजात त्या हाताला काय काम? बरण्या धुवा, चहा आणा, तास संपला की घंटा द्या. तेवीस वर्षं त्या हातानं घंटाच दिली म्हणायची.

मग पिंपळगाव रेणुकाईचे हे धर्मराज सर आले. शेतकऱ्याच्या घरचे, पुण्यात शिकून पीएचडी झालेले. दिल्लीहून मंजूर झालेला प्रकल्प घेऊन आले आणि मागच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी एक छोटी भट्टी, काचेच्या खिडकीचा एक पोलादी डबा नि त्यातली हवा उपसायचा पंप बसवला. जुन्या टीव्हीच्या नळीत इलेक्ट्रॉन बाहेर पडायला आतला भाग आधी लालभडक तापवावा लागतो. सरांना ते न तापवता काढायचे होते. त्यासाठी त्यांच्याकडे कार्बनच्या नळ्या होत्या, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढ्या बारीक. डोळ्यांना दिसायची ती निव्वळ काजळी. तिचा लेप करून काचेवर छापायचा, भट्टीत पक्का करायचा, समोर चकाकणाऱ्या लेपाची दुसरी काच ठेवायची, दोन्ही डब्यात घालून हवा उपसायची आणि वीज जोडायची. नळ्यांच्या टोकांतून इलेक्ट्रॉन निघाले, की समोरची काच हिरवी उजळणार. असं पुस्तकात. सरांच्या हातून मात्र लेपच धड छापला जाईना, डाग पडायचे. सर्जेराव चार दिवस दारातून बघत राहिले, पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“सर, पट्टी लई आडवी धरून राह्यले तुम्ही. जरा उभी धरा, न् बिलकुल थांबू नका मधी.”

सरांनी पट्टीच त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून छापायचं काम मामांचं.

दुपारी दोघं एकाच बाकावर डबा खायचे. पहिल्याच दिवशी सरांनी न विचारता मामांच्या डब्यातला ठेचा भाकरीला लावून घेतला. तेवीस वर्षांत कॉलेजातल्या कुणी त्या डब्याला हात लावला नव्हता. का, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बायको चांगुणाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, एकुलती लेक बेबीनंदा नाशिकला दिलेली. संध्याकाळी घरच्या खोलीत शिरल्यापासून सकाळी कॉलेजचं फाटक उघडेपर्यंत मामांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. त्या माणसाला कुणीतरी रोज विचारत होतं, “काय मामा, आज कशाची भाजी?” एवढंच. पण ज्याला कुणी विचारत नाही, त्याला विचारा एवढ्याचं मोल.

आता त्या दोन मिनिटांचं. डिसेंबर होता, कापसाच्या जिनिंगचे दिवस. गावाच्या हवेत रुईचे तंतू उडत होते. भट्टीतून काढलेल्या सतराव्या काचेच्या काळ्या लेपावर एक पांढरा तंतू येऊन बसला. लेपाला बोट लावायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. पण पत्रिकेवर असं काही बसलं, की दुकानात काय करायचे? चिकटपट्टी हलकेच टेकवायची आणि उचलायची. मामांचा हात सवयीनं तेच करून बसला. तंतू निघाला, आणि त्याच्याबरोबर अर्धाअधिक लेपही पट्टीला चिकटून आला. लेप घोटण्यापासूनची तीन दिवसांची मेहनत गेली होती. त्यांनी पट्टी चुरगाळून खिशात घातली, काच तशीच डब्यात बसवली आणि तोंड मिटून उभे राहिले.

तीच काच उजळली. आधीच्या सोळा काचांनी जेमतेम दोन-चार ठिपके दाखवले होते, हिच्यासमोर सबंध काच हिरवीगार झाली. सरांनी मामांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदगदा हलवलं. त्या आनंदात मामा तेव्हाच सांगणार होते, शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात सर म्हणाले, “मामा, हे अजून तीनदा करून दाखवलं, की पुण्याची जागा माझी. बायको तिकडे, पोरगी तिकडे. सुटलो बघा मी इथून.”

मामांनी गिळलं ते तिथं. आधी भीतीनं, आणि नंतर, खरं सांगायचं तर, भीतीचा काही संबंधच उरला नव्हता.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सरांनी भट्टीचं तापमान बदललं, लेप पातळ केला, घट्ट केला, काच दुसरी मागवली. काचांचा आकडा चाळीसवर गेला, एक उजळेना. मामा दर वेळी मन लावून छापायचे, दर वेळी भट्टीतून काढलेली काच तशीच्या तशी डब्यात ठेवायचे, आणि दुपारी सर बाकावर येऊन बसले की मनात हळूच बरं वाटायचं. आणखी एक दिवस मिळाला. रात्री अंथरुणावर मात्र त्याच दिवसाची लाज वाटायची.

मार्चच्या त्या दुपारी मामांचं सातव्यांदा सगळं सांगून झालं, तरी सरांचा जेवणाचा डबा उघडला नव्हता. काल पोरीचा वाढदिवस होता, सर म्हणाले. पाचवा. जायचं ठरलं होतं, पण एकेचाळिसावी काच लावलेली होती, म्हणून गेले नाहीत. फोन केला तर ती बोलायलाच आली नाही. हे त्यांनी कुणाला दोष न देता सांगितलं आणि डबा बाजूला सारला.

मामा उठले. टेबलाच्या खणातून चिकटपट्टी आणली. भट्टीतून काढून निवलेली बेचाळिसावी काच सरांच्या समोर ठेवली, काळ्या लेपावर पट्टी टेकवली, अंगठ्यानं हलकं दाबलं आणि एका दमात उचलली. सर ओरडायला उठले होते, ते तसेच अर्धवट उभे राहिले.

“सतराव्या काचेला हे केल्तं मी,” मामा म्हणाले. “रुई बसल्ती. तुमाला सांगितलं न्हाई.”

पंपाला हवा उपसायला चार तास लागायचे. ते चार तास दोघं पंपाजवळ बसून राहिले. सहाच्या सुमाराला सरांनी वीज जोडली. काच कडेपासून कडेपर्यंत हिरवी झाली. सरांनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. नळ्या भट्टीत आडव्या पडतात, म्हणाले, वाऱ्यानं ज्वारी लोळावी तशा. पट्टीनं वरचा थर ओढून काढला आणि खालच्या उभ्या राहिल्या. इतकं साधं होतं.

मग ते मामांकडे वळले. “मी रागावलो असतो म्हणून सांगितलं नाही का?”

“पयल्या दिवशी तसंच व्हतं.”

“आणि नंतर?”

मामांनी मान खाली घातली नाही. “मंग तुमी गेले असते.”

सरांनी टेबलावरची काळी झालेली पट्टी उचलून हातात घेतली.

“पन लेकीचा वाढदिवस हुकला तुमचा. त्यो माझ्यामुळं हुकला. माझी बी लेक लांब हाय, सर. मला कळाया पायजे व्हतं.”

सरांनी खुर्ची ओढली आणि मामांच्या जवळ येऊन बसले. डब्यातला हिरवा उजेड दोघांच्या शर्टांवर पडला होता. साडेसातला रखवालदार कुलूप लावायला आला, तोवर ते तसेच बसून होते.

पुढचं व्हायचं तसंच झालं. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, तिन्ही काचा उजळल्या. जूनमध्ये टेम्पो आला. यंत्रं प्रकल्पाची, तीही सरांबरोबर पुण्याला चालली होती. सामान मामांनीच बांधलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. डबा गादीत गुंडाळला, पंपाचं तेल काढलं, प्रत्येक खोक्यावर पत्रिकेसारख्या सुबक अक्षरात ‘काच आहे’ असं लिहिलं. निघताना सर म्हणाले, पुण्याला या मामा, काही दिवस राहायलाच या. मामा म्हणाले, येतो की. टेम्पो फाटकाबाहेर वळला, सरांनी खिडकीतून हात हलवला.

मामा खोलीत परत आले. डबा होता तिथं फरशीवर एक गडद चौकोन राहिला होता. बादली आणून त्यांनी तो घासून पुसला. वाळल्यावर तसाच दिसला. पुन्हा पुसला, सोडा टाकून पुसला. तिसऱ्या वेळी वाकून नीट बघितलं, तेव्हा ध्यानात आलं की तो डाग नव्हता. फरशीचा रंगच मुळात तसा होता; बाकीच्या खोलीत माणसांच्या पायांनी तो उडून गेला होता. मामांनी फडकं पिळलं, दोरीवर वाळत घातलं आणि अकराच्या तासाची घंटा द्यायला गेले.